रविवारी बंद कारखान्यात कॉम्प्रेसर का चालतो? एअर ऑडिटर होण्याची गोष्ट

(या भागाचं शब्दांकन. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आज सुरुवात एका आवाजाने करूया. फुस्स्स्... सायकलच्या ट्यूबमधून हवा निघते ना, तसा. फरक एवढाच की हा थांबत नाही. भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत जा. जेवणाची सुट्टी झाली, मशिनं थांबली की शेडमध्ये दोन मिनिटं गप्प उभे राहा. कुठल्या तरी कोपऱ्यातून हा आवाज येईलच. कारखान्यात काम करणाऱ्याला तो ऐकू येत नाही, कारण कानाला सवय झालेली असते. माझं काम म्हणजे तो आवाज ऐकणं आणि त्याचे रुपये किती होतात ते सांगणं.

मी एनर्जी ऑडिटर आहे, मराठीत ऊर्जा लेखापरीक्षक. त्यातही माझा जास्त वेळ जातो कॉम्प्रेस्ड एअरवर, म्हणजे दाबलेल्या हवेवर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं होतं, की डिप्लोमा झालाय, मेंटेनन्सला नोकरी आहे, या लाइनला यायचं तर काय करायचं? परीक्षा कुठली, शिक्का कुठला? ते सगळं सांगते. पण आधी मी कुठे आपटले ते सांगते, कारण त्याशिवाय शिक्क्याचा अर्थ कळणार नाही.

हवा फुकट, दाब महाग

आधी थोडं गणित. घाबरू नका, दुकानदारीचंच आहे.

हवा फुकट मिळते, पण ती दाबायला वीज लागते. आणि दाबताना त्या विजेची बहुतेक उष्णता होते. कॉम्प्रेसर रूममध्ये मे महिन्यात उभे राहिलात तर कळेल मी काय म्हणते ते. विजेला १०० रुपये घातले, तर शेवटी हत्याराच्या टोकाला कामाला येतात १० ते ३० रुपये. म्हणून कारखान्यात पाणी, वाफ, वीज, हवा या सगळ्यांत हवा ही फार महागडी गोष्ट. आणि वागवली जाते सगळ्यात फुकटी म्हणून!

एक उदाहरण घ्या. ७ बार दाबाच्या लाइनला ३ मिलिमीटरचं भोक पडलंय. तांदळाच्या दाण्याच्या लांबीपेक्षाही कमी. त्यातून मिनिटाला साधारण १५ ते २० घनफूट हवा जाते, म्हणजे आपल्या भाषेत १५ ते २० सीएफएम. एवढी हवा बनवायला अंदाजे ३ किलोवॅट लागतात. कारखाना वर्षाला ८,००० तास चालत असेल तर झाली २४,००० युनिटं. युनिट ८ रुपये धरलं तर १ लाख ९२ हजार. एका भोकाचे! कारखान्यात तेल सांडलं तर लगेच कुणीतरी पुसतं, कारण ते दिसतं. हवा सांडते ती दिसतही नाही, कुणी घसरूनही पडत नाही.

माझा चुकलेला आकडा

आता माझी गोष्ट. कारखान्याचं नाव सांगणार नाही, गरजही नाही. एक मध्यम मशीन शॉप, सीएनसी मशिनं, तीन शिफ्ट, ३७ किलोवॅटचे दोन स्क्रू कॉम्प्रेसर. एकेक साधारण २२० सीएफएमचा. मी नुकतीच परीक्षा पास झाले होते. सर्टिफिकेट हातात होतं आणि अंगात जरा जास्तच हवा होती, आमच्या धंद्यातलीच!

गेले शनिवारी दुपारी. क्लॅम्प मीटर लावला, तासभर वाचन घेतलं. एक कॉम्प्रेसर पूर्ण लोडवर, दुसरा निम्मा वेळ अनलोड. अनलोड म्हणजे मोटर फिरतेय पण हवा बनत नाहीये. तेव्हाही तो पूर्ण लोडच्या पाव ते एक तृतीयांश वीज खातो. मी म्हटलं, सापडलं! या दुसऱ्याच्या जागी व्हीएफडीवाला कॉम्प्रेसर बसवा. हवेची मागणी कमी झाली की तो वेग कमी करेल, अनलोडची वीज वाचेल. साधारण १२ किलोवॅटची निम्मा वेळ बचत, म्हणजे सरासरी ६. वर्षाचे ७,००० तास धरले तर ४२,००० युनिटं. वर्षाला जवळपास साडेतीन लाख. मशीन बारा लाखांचं, साडेतीन वर्षांत वसूल. रिपोर्ट छान छापला, आलेख रंगीत.

जाताना मेंटेनन्सचे फोरमन काका म्हणाले, "मॅडम, रविवारी सगळं बंद असलं तरी हा लोड घेतो बरं का. एका मशिनला क्लॅम्पिंगचा दाब धरून ठेवावा लागतो म्हणून एक चालू ठेवतो आम्ही, पण एवढी हवा त्या एका मशिनला कशाला लागेल?" मी "हो, बघते" म्हटलं आणि स्कूटरला किक मारली. वहीत लिहूनसुद्धा घेतलं नाही.

मालकांनी कर्ज काढलं. व्हीएफडी मशीन आलं, पूजा झाली, नारळ फुटला, पेढे मलाही आले. सहा महिन्यांनी त्यांचा फोन. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचंच जास्त लागलं. म्हणाले, "मॅडम, हप्ता सुरू आहे. बिल होतं तेवढंच आहे. तुमचा आकडा कुठे गेला, तेवढं फक्त सांगा."

गेले. आधी नुसतं कॉम्प्रेसरच्या पॅनलकडे बघितलं. पहिल्या भेटीत हे बघितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. प्रत्येक स्क्रू कॉम्प्रेसरच्या कंट्रोलरवर दोन आकडे असतात: एकूण चाललेले तास आणि त्यातले लोडवरचे तास. जुना दुसरा कॉम्प्रेसर काढून कोपऱ्यात झाकून ठेवला होता. त्याला वीज जोडून पॅनल चालू केलं. चाललेले तास १८ हजारांच्या वर, लोडवरचे १७ हजारांच्या वर. म्हणजे तो वर्षानुवर्षं जवळजवळ पूर्ण वेळ लोडवरच होता. मी गेले तो शनिवार दुपारचा, निम्मी मशिनं बंद. तो एक तास मी अख्ख्या वर्षावर पसरवला होता. व्हीएफडीचा फायदा मागणी खालीवर होत असेल तर. इथे मागणी कायम टोकाला. नवं मशीन बिचारं पूर्ण वेगाने पळत होतं, वाचवणार काय?

मग खरा प्रश्न: एवढी हवा जात कुठे होती? काका पहिल्याच दिवशी सांगत होते. रविवारी.

रविवारची टेस्ट

पुढच्या रविवारी सकाळी मी आणि काका, दोघंच. पैसे घेतले नाहीत, घ्यायचं तोंडच नव्हतं. क्लॅम्पिंगवालं मशीनही मालकांच्या परवानगीने रिकामं केलं. म्हणजे हवेचा वापर शून्य. जुना, साधा ३७ किलोवॅटचा कॉम्प्रेसर एकटा चालू ठेवला. आता बघा, वापर शून्य असेल तर काय व्हायला पाहिजे? टाकी भरली की कॉम्प्रेसर अनलोड व्हायला हवा आणि तसाच राहायला हवा. तो परत लोड घेतोय याचा अर्थ हवा कुठूनतरी गळतेय.

मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. लोड किती सेकंद, अनलोड किती सेकंद, अशी दहा आवर्तनं. सरासरी आली लोड ६६, अनलोड ५४. सूत्र सोपं आहे, लिहून घ्या: लोडचा वेळ भागिले लोड अधिक अनलोडचा वेळ. ६६ भागिले १२०, म्हणजे ५५ टक्के. कॉम्प्रेसर २२० सीएफएमचा, त्याचे ५५ टक्के म्हणजे १२१ सीएफएम. दोन्ही मशिनांची मिळून क्षमता ४४०. म्हणजे बनवलेल्या हवेतली सत्तावीस टक्के नुसती गळत होती. आणि हे काही जगावेगळं नाही हं! लक्ष न दिलेल्या कारखान्यात गळती २० ते ३० टक्के असणं नेहमीचं आहे. नीट सांभाळलेल्या ठिकाणी ती १० टक्क्यांच्या आत ठेवता येते.

पैशात मांडूया. एका सीएफएमला साधारण ०.१७ किलोवॅट. १२१ सीएफएमला वीसेक किलोवॅट. वर्षाला अकरा लाखांच्या वर. ज्या कारखान्याला मी साडेतीन लाख वाचवायला बारा लाखांचं मशीन घ्यायला लावलं, तिथे अकरा लाख असेच सुस्कारे टाकत जात होते.

मग सुरू झाली शिकार. अल्ट्रासोनिक डिटेक्टर हे उपकरण आपल्या कानाला न येणारा गळतीचा उंच आवाज पकडतं आणि हेडफोनमध्ये ऐकवतं. ते भाड्याने आणलं होतं. शंका आली तिथे साबणाचं पाणी. प्रत्येक गळतीला पिवळा टॅग, त्यावर नंबर. सापडलं काय? पुश फिटिंगमधून सरकलेल्या नळ्या. झिजलेली क्विक कपलिंगं. एफआरएलच्या तडकलेल्या वाट्या. टाकीचा ड्रेन कॉक, पाणी आपोआप निघावं म्हणून कुणीतरी कायमचा थोडा उघडा ठेवलेला. आणि एक मशीन दोन वर्षांपूर्वी विकलेलं, त्याची लाइन तशीच, टोकाचा व्हॉल्व्ह गळतोय. काका त्या व्हॉल्व्हकडे बघून म्हणाले, "मशीन गेलं, पण त्याचा पगार चालू आहे!"

फिटिंग, नळ्या, व्हॉल्व्ह मिळून चाळीसेक हजारांचं सामान. दोन महिन्यांनी पुन्हा रविवारी टेस्ट: लोड २४ सेकंद, अनलोड ९६. म्हणजे २० टक्के, ४४ सीएफएम, एकूण क्षमतेच्या दहा टक्के. शिवाय लाइनचा दाब साडेसातवरून साडेसहा बारवर आणला, कारण मशिनांना सहाच्या वर नकोच होता. दाब १ बारने उतरवला की कॉम्प्रेसरची वीज ६ ते १० टक्क्यांनी कमी होते. आणि दाब कमी म्हणजे उरलेल्या भोकांतूनही कमी हवा जाते. आता नव्या व्हीएफडी मशिनला वेग कमी करायला जागा मिळाली आणि ते खरंच कामाला आलं.

गळतीच्या हिशेबाने वर्षाला सव्वासात लाख वाचायला हवे होते. बिलात सहाच्या आसपास दिसले, कारण जुन्या गळत्या बुजवल्या तरी नव्या होतच राहतात. पण या वेळी मी रिपोर्टमध्ये हेही लिहिलं होतं, की दर तीन महिन्यांनी टेस्ट घ्या, नाहीतर वर्षभरात परत पूर्वपदावर याल. ती टेस्ट आता काका घेतात. रिपोर्टमध्ये गळतीचा पहिला धागा कुणी दिला तेही लिहिलं. तेवढं माझ्याकडून देणं होतं.

शिक्का कुठला, परीक्षा कुठली

आता येऊया तुमच्या प्रश्नावर.

आपल्याकडे फक्त हवेसाठी वेगळी सरकारी मान्यता नाही. मान्यता आहे ती ऊर्जा लेखापरीक्षकाला, आणि हवा हा त्यातला एक मोठा विषय. ही व्यवस्था आली २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातून. त्या कायद्याखाली २००२ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारची ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे बीईई सुरू झाली. एसी-फ्रिजवर तारे लावते ना, तीच. महाराष्ट्रात या कायद्याचं काम बघते मेडा, म्हणजे महाऊर्जा. तिचं मुख्यालय पुण्यात आहे.

पायरी पहिली: बीईईची राष्ट्रीय परीक्षा. चार पेपर. पहिला ऊर्जा व्यवस्थापन आणि ऑडिटची सर्वसाधारण माहिती, दुसरा बॉयलर, भट्टी, वाफ वगैरे औष्णिक विषय, तिसरा विद्युत विषय. पहिले तीन पास झालात तर एनर्जी मॅनेजर होता येतं. ऑडिटर व्हायचं तर चौथाही पेपर हवा. तो उपकरणांची कामगिरी मोजण्याचा, आणि पुस्तक उघडून द्यायचा. "पुस्तक उघडं आहे" म्हणून हुरळून जाऊ नका. त्यात सगळी गणितं असतात, पुस्तक चाळत बसलात तर वेळ संपतो. प्रत्येक पेपरला ५० टक्के लागतात.

पात्रता कुणाला? इंजिनिअरिंगची पदवी आणि तीन वर्षांचा कामाचा अनुभव, किंवा डिप्लोमा आणि सहा वर्षांचा. अनुभव ऊर्जेशी संबंधित हवा: चालवणं, देखभाल, नियोजन. मी डिप्लोमावाली. मेंटेनन्सच्या सहा वर्षांचा तेव्हा वैताग यायचा, पण परीक्षेत आणि नंतरही तीच कामाला आली. आयटीआय केलेल्यांना थेट बसता येत नाही, पण आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो, तिथून वाट आहे. नियमांचा बारीक तपशील प्रत्येक परीक्षेच्या जाहिरातीत वाचायचा, माझ्या किंवा कुणाच्याही पॉडकास्टवर विसंबायचं नाही!

अभ्यासाला बीईईची चार पुस्तकं आहेत, इंटरनेटवर मोफत मिळतात. हवेचं प्रकरण तिसऱ्या पुस्तकात आहे आणि कॉम्प्रेसरची प्रत्यक्ष चाचणी चौथ्यात. सोप्या इंग्रजीत आहेत. रोज बसमध्ये मोबाइलवर दहा पानं वाचलीत तरी सहा महिन्यांत दोनदा वाचून होतात.

पास झालात की तुम्ही सर्टिफाइड. म्हणजे प्रमाणित. दर पाच वर्षांनी उजळणी प्रशिक्षणही करावं लागतं.

पायरी दुसरी: अ‍ॅक्रेडिटेड, म्हणजे मान्यताप्राप्त. इथे बरेच जण गोंधळतात. प्रमाणित आणि मान्यताप्राप्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान्यतेचे नियम २०१० साली आले. त्यासाठी आधी प्रमाणित ऑडिटर असायला हवं, वर प्रत्यक्ष ऑडिटचा पाच वर्षांचा अनुभव, आणि त्यातली किमान तीन वर्षं जास्त ऊर्जा खाणाऱ्या उद्योगांमध्ये. मोठ्या उद्योगांना कायद्याने जे सक्तीचं ऑडिट करावं लागतं, ते मान्यताप्राप्त ऑडिटरकडूनच. सिमेंट, पोलाद, खत, कागद, कापड, ही मंडळी.

याशिवाय फक्त हवेपुरतं जगात काय चालतं ते माहीत असू द्या. २०१३ साली आयएसओ ११०११ हे मानक आलं, कॉम्प्रेस्ड एअरच्या ऊर्जा तपासणीसाठीचं. ते यंत्रणेचे तीन भाग पाडतं: हवा बनते ती जागा, हवा वाहते ती लाइन, आणि हवा वापरली जाते ती जागा. तिन्ही बघा म्हणतं. माझी पहिली चूक याच चौकटीत बसवून बघा. मी फक्त बनते ती जागा बघितली होती, आणि तीही एक तास. अमेरिकेत कॉम्प्रेसर बनवणाऱ्यांची संघटना आहे, कॅगी. तीही हवेच्या तज्ज्ञांसाठी वेगळी परीक्षा घेते. परदेशी कंपन्यांबरोबर काम करायचं असेल तर तिचा उपयोग.

परीक्षेत कळत नाही ते

शिक्का मिळाला तरी चार गोष्टी शेडमध्येच शिकाव्या लागतात. पटापट सांगते.

एक: कॉम्प्रेसर कागदावर लिहिलेली हवा खरंच देतोय का, ते मोजायला शिका. टाकी पूर्ण रिकामी करायची, बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि भरायला किती वेळ लागतो ते बघायचं. समजा टाकी आणि मधली पाइप मिळून २ घनमीटर, दाब शून्यावरून ७ बार, वेळ अडीच मिनिटं. २ गुणिले ७ म्हणजे १४ घनमीटर, भागिले अडीच, म्हणजे मिनिटाला ५.६. पाटीवर ६.२ लिहिलंय. म्हणजे दहा टक्के कमी. तापमानाची दुरुस्ती करावी लागते, ती पुस्तकात आहे. ना महाग मीटर, ना काही. स्टॉपवॉच आणि दाबाचा काटा. काटा मात्र तपासलेला हवा.

दोन: कॉम्प्रेसर रूम बघा. आत जाणारी हवा ४ अंशांनी जास्त गरम असेल तर वीज साधारण १ टक्का जास्त लागते. कॉम्प्रेसरची गरम फुंकर परत त्याच्याच तोंडात जात असेल, तर भिंतीला एक डक्ट लावला तरी फरक पडतो.

तीन: हवा कशाला वापरतात ते बघा. एअरगनने फरशी झाडणारे हेल्पर सगळीकडे भेटतील. तिथे झाडू पुरतो. काही लोक उन्हाळ्यात शर्टात एअरगन धरून गार होतात. त्यांना ओरडून उपयोग नाही, तिथे ४२ अंश असतात. रिपोर्टमध्ये लिहा, "इथे पंखा लावा." पंखा एअरगनपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. आणि हे मात्र गंभीरपणे सांगते: दाबाची हवा अंगावर, तोंडावर, कुणाच्याही शरीरावर कधीच मारायची नाही. मस्करीतसुद्धा नाही. अशा मस्करीत माणसं गेलेली आहेत. ऑडिटर म्हणून ते दिसलं तर गळतीच्या आधी ते थांबवायचं.

चार: पुरेसा काळ मोजा. किमान आठवडाभर, तिन्ही शिफ्ट आणि सुट्टीचा दिवस धरून. मीटर लावून सोडायचा आणि रात्री एकदा स्वतः जाऊन बसायचं. इचलकरंजीत एअरजेट माग बघितलेत का? तिथे धोटा नसतो, आडवा धागा हवेच्या झोताने फेकतात. कापडाच्या खर्चात हवा हा मोठा हिस्सा. तिथे एका तासाच्या मोजणीवर सल्ला देणं म्हणजे एका नाडीवर ऑपरेशन करण्यासारखं आहे.

शिक्का म्हणजे काय

शेवटचा मुद्दा. तुम्हाला बाजारात फुकट ऑडिट करून देणारे भेटतील. त्यातले बरेच काहीतरी विकणारे असतात. ते वाईटच असतात असं नाही, मोजणी चांगलीही करतात. पण त्यांच्या रिपोर्टच्या शेवटी सहसा एक मशीन असतं. "काही घेऊ नका, आधी भोकं बुजवा", हे सांगण्यात कुणाचंच कमिशन नसतं. ते सांगायला तुम्ही हवेत. माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये मला कुणी कमिशन दिलं नव्हतं, तरी शेवटी मशीनच होतं. कारण मशीन सुचवलं की रिपोर्ट वजनदार दिसतो, आणि चाळीस हजारांच्या फिटिंगचा रिपोर्ट किरकोळ वाटतो. मोह पैशाचाच असतो असं नाही, हुशार दिसण्याचाही असतो.

मान्यतेसाठी मी अर्ज केला तेव्हा माझ्या ऑडिटच्या यादीत तो कारखानाही लिहिला. दोन्ही रिपोर्ट जोडले, चुकलेला आणि दुरुस्त केलेला. मैत्रीण म्हणाली, वेडी आहेस का, पहिला कशाला? पण त्या दोन्हींच्या मधल्या सहा महिन्यांतच मी ऑडिटर झाले. परीक्षा पास होऊन झाले नव्हते. आज शिक्का आहे. समोरचा माणूस माझा आकडा वाचून कर्ज काढतो, हप्ते भरतो, लोकांचे पगार त्यावर बेतलेले असतात. शिक्क्याचा अर्थ एवढाच, की तो आकडा मी पुन्हा येऊन, त्याच्यासमोर, तपासून दाखवेन. आणि चुकला असेल तर तेही मीच सांगेन.

तर आता गृहपाठ. तुमच्या कारखान्यात स्क्रू कॉम्प्रेसर असेल, तर मेंटेनन्सच्या साहेबांना विचारून त्याच्या पॅनलवरचे दोन आकडे बघा: एकूण तास आणि लोडचे तास. सुट्टीच्या दिवशी परवानगी मिळाली तर दहा आवर्तनांची टेस्ट घ्या. कशालाही हात लावायचा नाही, लाइन उघडायची नाही, नुसतं स्टॉपवॉच. आलेली टक्केवारी मला पाठवा, कारखान्याचं नाव नको. आणि टेस्ट घेताना तिथल्या जुन्या फोरमनला एक प्रश्न नक्की विचारा: "काका, तुम्हाला काय वाटतं, हवा कुठे जाते?" ते जे सांगतील ते वहीत लिहून घ्या. मी पहिल्यांदा घेतलं नव्हतं.

चला, भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत कान उघडे ठेवा. नमस्कार!